गाडी ट्रॅफिकमध्ये तापते अन् हायवेला गार होते. हे कोडं १९०० साली सोडवणारा गडी अनाथाश्रमात वाढला होता

हायवेला तासभर गाडी ८०-९० च्या स्पीडने पळवली. टेम्परेचरचा काटा मधोमध, जागचा हलला नाही. पुढे जाम लागला. फर्स्ट गिअर, क्लच, ब्रेक, परत फर्स्ट गिअर. दहा-पंधरा मिनिटांत काटा वर सरकायला लागला, एसीतून कोमट हवा यायला लागली. जाम सुटला, गाडीने वेग घेतला आणि काटा गपगुमान परत खाली आला.

खरं तर उलटं व्हायला पाहिजे ना? पळवल्यावर इंजिनाला जास्त कष्ट, मग तेव्हा तापायला हवं. उभ्या गाडीत कसले आलेत कष्ट?

या प्रश्नाचं उत्तर बॉनेट उघडलं की समोरच दिसतं. एक बारीक जाळीचा रेडिएटर आणि त्याच्या मागे एक पंखा. ही जोडी ज्याने मोटारीच्या नाकावर बसवली त्या माणसाचं नाव आज सगळ्यांना माहितीय, पण ते आलिशान गाडीचं नाव म्हणून.

मायबाख.

हे गाडीचं नाव होण्याआधी एका माणसाचं आडनाव होतं. विल्हेल्म मायबाख. सुताराचा मुलगा. दहाव्या वर्षी अनाथ झालेला. कॉलेजचं तोंड न पाहिलेला. आणि तरीही फ्रेंच लोक ज्याला डिझायनर लोकांचा राजा म्हणायचे असा.

सुताराचा पोरगा, आश्रमातलं शिक्षण

९ फेब्रुवारी १८४६ ला जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावात विल्हेल्मचा जन्म झाला. घरात पाच भाऊ. पुढे कुटुंब स्टुटगार्टला आलं. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली आणि दोन वर्षांनी वडीलही गेले.

पोरांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. ओळखीच्या लोकांनी मदतीसाठी पेपरात आवाहन दिलं. विल्हेल्मला जागा मिळाली ती रॉयटलिंगनच्या ब्रुडरहाउसमध्ये. गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने चालवलेला हा आश्रम होता. पण वेर्नर नुसता जेवू-खाऊ घालणारा माणूस नव्हता. आश्रमाची स्वतःची मशीनची फॅक्टरी होती. इथल्या पोरांनी हाताला काम शिकावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, असा त्याचा आग्रह होता.

विल्हेल्मचा हात ड्रॉइंगवर बसला. पंधराव्या वर्षापासून त्याने टेक्निकल ड्रॉइंगचं शिक्षण सुरू केलं. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात गणित, फिजिक्स.

१८६३ च्या शेवटी त्याच फॅक्टरीत गॉटलीब डेमलर नावाचा इंजिनिअर आला. विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठा. आश्रमातल्या या पोराची चुणूक त्याने ओळखली. डेमलरने कल्पना मांडायची, मायबाखने ती कागदावर उतरवून चालती करून दाखवायची, अशी जोडी जमली. ती तुटली ती थेट १९०० साली, डेमलरच्या मृत्यूने.

इंजिन बसलेलं होतं तोवर तापायची चिंता नव्हती

डेमलर १८६९ मध्ये कार्ल्सरूहला गेला, मायबाख पाठोपाठ. १८७२ मध्ये दोघं डॉइट्झच्या गॅस इंजिन कंपनीत आले. निकोलाउस ऑटोची ही कंपनी. १८७६ च्या ऑटोच्या प्रसिद्ध फोर-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यात बनवण्याजोगं रूप देण्यात मायबाखचा मोठा वाटा होता.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिनात जेवढं इंधन जळतं, त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकं फिरवण्याच्या कामी येतो. बाकी सगळी उष्णता. काही सायलेन्सरवाटे बाहेर जाते, पण बरीचशी इंजिनाच्या धातूत मुरते. ती काढली नाही तर धातू फुगतो, ऑइल पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो.

डॉइट्झची इंजिनं कारखान्यात एका जागी बसवलेली असायची. शेजारी पाण्याची भली मोठी टाकी ठेवली की काम झालं. टाकी कितीही मोठी असो, ती कुणाला उचलायची नव्हती.

पण डेमलर आणि मायबाखला इंजिन रस्त्यावर न्यायचं होतं. १८८२ मध्ये दोघांनी डॉइट्झ सोडलं आणि स्टुटगार्टशेजारच्या कानश्टाटमध्ये डेमलरच्या बंगल्याच्या बागेतल्या काचघरात वर्कशॉप थाटलं. दार बंद, आतून रात्रंदिवस ठोकाठोकीचा आवाज. माळ्याला वाटलं, हे खोटी नाणी पाडतायत. त्याने पोलिसांना कळवलं, धाड पडली. सापडली फक्त इंजिनं.

याच काचघरातून १८८५ मध्ये छोटं, हलकं, वेगाने फिरणारं पेट्रोल इंजिन बाहेर पडलं. आधी दुचाकीवर बसलं, मग घोडागाडीत, मग बोटीत.

पाणी वाहून न्यायचं की गार करायचं?

इंजिन रस्त्यावर आलं आणि पाण्याचा प्रश्न सुरू झाला. तेव्हाची सोपी युक्ती म्हणजे पाणी उकळू द्यायचं आणि वाफ उडून गेली की नवीन ओतायचं. १८८८ मध्ये बेर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला पोरांना घेऊन गाडीने गेली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरत जावं लागलं होतं. पाणी संपलं की गाडी संपली.

मायबाखचा विचार वेगळ्या दिशेने चालू होता. तेच पाणी गार करून परत का वापरू नये? १८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या गाडीत त्याने गाडीचा सांगाडाच पोकळ नळ्यांचा केला आणि इंजिनाचं पाणी त्या नळ्यांतून फिरवलं. सांगाडा हाच रेडिएटर. डोकं भारी होतं, पण इंजिनाची ताकद वाढली की तेवढ्या नळ्या कुठे पुरणार?

मध्येच कंपनीत राजकारण झालं. १८९० मध्ये डेमलर कंपनी स्थापन झाली, त्यात पैसेवाल्या भागीदारांचा वरचष्मा झाला. मायबाखला हव्या त्या अटींवर जागा मिळाली नाही, तो १८९१ मध्ये बाहेर पडला. मग कानश्टाटमधल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या हॉलमध्ये त्याने काम चालू ठेवलं, पैसा डेमलर पुरवत होता. तिथेच १८९३ मध्ये पेट्रोलचा फवारा उडवून ते हवेत मिसळणारा कार्बोरेटर तयार झाला. १८९५ मध्ये कंपनीला दोघांना परत बोलवावं लागलं. मायबाख टेक्निकल डायरेक्टर म्हणून परतला.

१८९७ मध्ये त्याने पुढचं पाऊल टाकलं. पाण्याचा डबा घ्यायचा आणि त्यातून आरपार बारीक नळ्या घालायच्या. नळ्यांमधून वारा जाणार, नळ्यांच्या भोवती पाणी. जेवढ्या जास्त नळ्या, तेवढी जास्त जागा वाऱ्याला पाण्याची उष्णता चोरायला.

हे समजायला चहाची बशी डोळ्यासमोर आणा. कपातला चहा गार व्हायला वेळ लागतो. तोच बशीत ओतला की पसरतो, हवेला जास्त लागतो आणि पटकन पिण्याजोगा होतो. मायबाखने इंजिनाच्या पाण्याला बशी दिली होती. पण बशीवर फुंकरही लागते.

१९०० : एका महिन्यात दोन मृत्यू

६ मार्च १९०० ला गॉटलीब डेमलर वारला. महिनाही झाला नव्हता तोवर ३० मार्चला फ्रान्समध्ये नीस ते ला तुर्बीच्या घाटातल्या शर्यतीत डेमलर कंपनीच्या गाडीचा अपघात झाला. चालक विल्हेल्म बाउअरचा त्यात जीव गेला. तेव्हाच्या गाड्या म्हणजे बिनघोड्यांच्या टांग्यासारख्या, उंच आणि आखूड. त्यात ताकदवान इंजिन कोंबलेलं. वळणावर गाडी हातात राहायची नाही.

कंपनीला शर्यती बंद कराव्यात असं वाटू लागलं. पण कंपनीचा एक मोठा गिऱ्हाईक अडून बसला. एमिल येलिनेक. नीसमध्ये राहणारा, श्रीमंतांना गाड्या विकणारा व्यापारी. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी लांब, रुंद आणि जमिनीलगत करा, वजन कमी करा, ताकद वाढवा. त्याने ३६ गाड्यांची ५ लाख ५० हजार मार्कांची ऑर्डर देऊन टाकली. अट एकच, इंजिनाला त्याच्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज.

डिझाईनची जबाबदारी मायबाखवर आली. वय ५४. पाठीशी डेमलर नाही. हातात जेमतेम काही महिने.

८,०७० नळ्या आणि एक पंखा

३५ हॉर्सपॉवरचं, जवळपास ६ लिटरचं इंजिन तयार झालं. एवढ्या इंजिनाला जुन्या पद्धतीने गार ठेवायचं तर पाणीच १८ लिटर घ्यावं लागत होतं. गाडी हलकी करायची आणि वर पाण्याचं ओझं घालायचं, हे जमणारं नव्हतं.

मायबाखने नळ्या गोलच्या चौकोनी केल्या. प्रत्येक नळी फक्त ६ बाय ६ मिलीमीटरची. अशा ८,०७० नळ्या एकमेकींना खेटून रचल्या. मधल्या बारीक फटींमधून पाणी जाणार. फट बारीक म्हणजे पाण्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब धातूला घासून जाणार. समोरून पाहिलं तर मधमाशांचं पोळंच. म्हणून नावही पडलं हनीकॉम्ब रेडिएटर. पाणी १८ लिटरवरून ९ लिटरवर आलं. थेट निम्म्यावर.

बशी झाली. आता फुंकर.

गाडी पळत असली की समोरून वारा आपोआप नळ्यांत घुसतो. पण गाडी हळू चालली की वारा नाही. नळ्या ८,००० असोत की ८०,०००, आत हवाच सरकली नाही तर उष्णता जाणार कुठे? म्हणून मायबाखने रेडिएटरच्या मागे एक छोटा पंखा बसवला. कमी वेगातही तो हवा ओढत राहणार.

म्हणजे त्याने तापण्याच्या प्रश्नाचे दोन तुकडे केले. पळत्या गाडीसाठी जाळी. रेंगाळत्या गाडीसाठी जाळी अधिक पंखा.

२२ डिसेंबर १९०० ला पहिली गाडी येलिनेकच्या हवाली झाली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या स्पर्धांमध्ये या मर्सिडीजने बाकीच्यांची धूळधाण उडवली. घोड्याशिवायचा टांगा मागे पडला आणि आज आपण जिला कार म्हणतो तिचा आकार जगाला दिसला.

मेकॅनिक आजही हाच प्रश्न विचारतो

सव्वाशे वर्षांत बरंच बदललं. तांब्या-पितळेच्या जागी ॲल्युमिनिअम आलं. बहुतेक कारचे पंखे आता विजेच्या मोटरवर चालतात. पाण्याऐवजी कूलंट आलं. सिस्टीम झाकण लावून प्रेशरखाली बंद झाली. कुकरमध्ये प्रेशर वाढलं की पाणी १०० डिग्रीच्या पुढे जाऊनही उकळत नाही, तोच हा प्रकार. पण मायबाखने केलेले दोन तुकडे तसेच राहिलेत. म्हणून चांगला मेकॅनिक पाना उचलायच्या आधी एकच गोष्ट विचारतो. गाडी तापते कधी?

फक्त ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला गार होते, तर बशी बहुधा ठीक आहे, गडबड फुंकरीत आहे. म्हणजे पहिला संशय पंख्यावर.

हायवेला, चढाला, सगळीकडेच तापते, तर वारा भरपूर असूनही उष्णता निघत नाहीये. मग कूलंट कमी झालंय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, पाण्याचा पंप दमलाय का, रेडिएटर आतून चोंदलाय का, हे बघायचं.

ट्रॅफिकवाल्या केसमध्ये तपासणीची ओळ अशी लागते.

एक. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी लावा. विजेचा पंखा असलेल्या बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात पंखा सुरू होतो. नाही झाला तर फ्यूज, रिले, वायरिंगचं सॉकेट आणि शेवटी पंख्याची मोटर या क्रमाने बघायचं. फ्यूज काही रुपयांचा असतो, मोटर काही हजारांची. त्यामुळे थेट मोटर बदलायला सांगणाऱ्याला आधी फ्यूज आणि रिले बघितले का, हे जरूर विचारा. आणि पंख्याजवळ हात नेऊ नका. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरायला लागतो.

दोन. एसीवर पंखा फिरतो, पण एसी बंद असताना काटा वर गेला तरी फिरत नाही. म्हणजे मोटर चांगली आहे, तिला हुकूम देणारा कुणीतरी गप्प बसलाय. टेम्परेचर सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासायची.

तीन. पंखा व्यवस्थित फिरतो, तरी तापतं. मग जाळीकडे बघा. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. दोघांच्या फटीत धूळ, किडे, पालापाचोळा साठतो. हायवेच्या वाऱ्याला यातून कशीबशी वाट मिळते, पंख्याच्या ओढीला मिळत नाही. पाण्याचा हलका फवारा मारून हे साफ करता येतं. जोराच्या प्रेशरने मात्र जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलंय किंवा काढून ठेवलंय का, तेही बघा. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची हवाच घुसळत बसतो.

चार. जुनी जीप किंवा इंजिनावरच फिरणारा पंखा असलेली गाडी असेल तर पट्टा सैल झालाय का आणि पंख्याचं व्हिस्कस कपलिंग गेलंय का, हे तपासायचं. कपलिंग गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण त्यात जोर नसतो.

पाच. गाडी पूर्ण गार असताना कूलंटची पातळी आणि झाकणाचं रबर बघा. झाकण सैल पडलं की प्रेशर टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. कुकरची रिंग गेल्यावर शिटी होत नाही, तसंच.

हे सगळं ठीक असून गाडी तापत असेल, कूलंट वारंवार कमी होत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावं लागतं. तापलेली गाडी तशीच दामटली की बरेचदा याच खर्चापर्यंत गाडं येतं.

जाममध्ये काटा चढायला लागला तर एसी बंद करून हीटर फुल करा. अंगाची काहिली होईल, पण हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. काटा लाल पट्ट्यात गेला की बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत प्रेशरखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं.

नाव मुलीचं, काम मायबाखचं

१९०२ मध्ये मर्सिडीज हा कंपनीचा अधिकृत ट्रेडमार्क झाला. ज्या मुलीने एक बोल्टही पिळला नव्हता तिचं नाव जगभर गेलं. आणि गाडी बनवणारा?

डेमलर गेल्यावर कंपनीत मायबाखची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. हळूहळू त्याला मुख्य कामातून बाजूला सारलं गेलं, एका वेगळ्या संशोधन ऑफिसात बसवलं गेलं. १९०७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्याने कंपनी सोडली. दोनदा अनाथ झाल्यासारखंच हे.

पण गडी घरी बसला नाही. काउंट झेपेलिनची अवाढव्य हवाई जहाजं तेव्हा जर्मनीत गाजत होती. १९०८ मध्ये त्यातलं एक जळून खाक झालं. मायबाखने झेपेलिनला नवीन, भरवशाचं इंजिन देऊ केलं. १९०९ मध्ये कंपनी उभी राहिली, सूत्रं त्याच्या मुलाकडे, कार्लकडे आली. पुढे हा कारखाना फ्रीडरिक्सहाफेनला गेला.

पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीला विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली. मग कार्ल मोटारींकडे वळला. १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा एक गाडी मायबाख हे नाव लावून उभी राहिली. विल्हेल्म तेव्हा ७५ वर्षांचा होता.

ज्याला कधी इंजिनिअरिंगची डिग्री मिळाली नव्हती त्याला १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने मानद डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ ला वयाच्या ८३ व्या वर्षी तो वारला. कानश्टाटच्या ज्या स्मशानभूमीत डेमलर आहे, तिथेच त्यालाही जागा मिळाली.

१९६० मध्ये मायबाख कंपनी डेमलर-बेंझच्या ताब्यात गेली. ज्या घराने त्याला बाजूला सारलं, त्याच घरात त्याचं आडनाव परत आलं. आज मर्सिडीज आपल्या सगळ्यात वरच्या गाड्यांवर ते लावते. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे, तिथे मायबाख एस-क्लासची जोडणीही होते.

आता चाकणचं ट्रॅफिक काय असतं, हे तिकडे नोकरीला जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्या जाममध्ये कोट्यवधीची मायबाख असो, कंपनीची बस असो की दहा वर्षं जुनी हॅचबॅक, सगळ्यांच्या नाकामागे एक जाळी असते आणि एक पंखा गरगरत असतो. मायबाख हे नाव त्यातल्या एखाद्याच गाडीवर असतं. विल्हेल्म मायबाखचं काम मात्र सगळ्यांत चालू असतं. तुमच्या गाडीत ते चालू आहे ना, हे पुढच्या जामच्या आधी एकदा बघून घ्या.